टक वाजलं की द्यायचंच

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या कंपनीतल्या प्रशासन विभागाच्या साहेबांकडे बोट दाखवीन. कंपनीत मी त्यांना साहेब म्हणतो, घरी काका. ते आमच्याच तालुक्याचे. डिप्लोमा संपवून मी बीडकडून एक बॅग घेऊन आलो, तेव्हा नाशिक फाट्यावर मला घ्यायला ते स्वतः स्कूटरवर आले होते. रहाटणीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी जवळजवळ वर्षभर राहिलो. अजून किती दिवस राहणार, हे काकूंनी कधी विचारलं नाही. चाकणच्या कंपनीत ट्रेनी म्हणून त्यांनीच चिकटवलं. नोकरी करता करता डिग्री पूर्ण कर म्हणून मागेही तेच लागले, आणि परीक्षा आली की माझी शिफ्ट बदलून द्यायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझे वडील एसटी स्टँडसमोर सायकली दुरुस्त करतात. निकालाच्या दिवशी फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "आमचं राहू दे, आधी साहेबांना फोन लाव."

हे सगळं खरं आहे. आणि त्याच माणसानं मला फसवलं, हेही खरं आहे. एकाच माणसाबद्दल दोन्ही लिहायचं तर हात अडखळतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

गोष्ट कुत्र्यांची आहे. काकांची मुलगी हिंजवडीला आयटीत आहे. तिनं हौसेनं लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं आणि नंतर तिच्या लक्षात आलं की कंपनीच्या कॅबमधून घरी पोचेपर्यंत पिल्लाची झोपायची वेळ होते. पिल्लानं सोफा कुरतडला, काकूंची चप्पल खाल्ली. मग पिंपळे गुरवहून कुत्र्यांना शिकवणारी एक मुलगी रविवारी येऊ लागली. मी तेव्हा वेगळ्या खोलीत राहत होतो, पण रविवारचं जेवण काकांकडेच असायचं. त्यामुळे पिल्लाच्या शिकवणीला काका आणि मी, आम्ही दोघंच विद्यार्थी.

त्या मुलीनं पर्समधून एक छोटी प्लास्टिकची डबी काढली. दाबली की 'टक' असा आवाज. पिल्लाकडून काहीच करून घेतलं नाही. नुसतं टक, की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. पुन्हा टक, पुन्हा तुकडा. काका म्हणाले, "अहो, हे फुकटच खातंय की."

"आज फुकटच द्यायचं, काका. आज ते फक्त एवढंच शिकतंय की टक म्हणजे खाऊ."

तिच्या काही गोष्टी मला पाठ झाल्या. जागा शांत हवी. जनावर थोडं भुकेलं हवं, पण उपाशी नको. आवाज आधी, हात नंतर. हात आधी हलला तर ते हाताकडेच बघत राहतं. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची. आणि त्याला अजून हवं असतानाच थांबायचं, कंटाळा आल्यावर नाही. डबी त्याला बोलवायला कधी वापरायची नाही, ते बोलावणं नव्हे. त्यानं बरोबर केलं, याची ती पावती. आणि शेवटी ती जे म्हणाली ते असं: "टक वाजलं की द्यायचंच. चुकून वाजलं, खिशात दाबलं गेलं, तरी द्यायचं. टक म्हणजे तुमचा शब्द आहे. एकदा खोटा पडला की सगळं पहिल्यापासून."

काका जोरात हसले. "हे आमच्या मॅनेजमेंटला नका शिकवू बाई. धंदा बसेल."

आम्ही सगळेच हसलो. काकूसुद्धा.

मला त्या डबीनं वेड लावलं. पुढच्या आठवड्यात मी तशीच एक घेतली आणि कंपनीत नेली, कारण कंपनीच्या गेटवर तीन कुत्री होती. तांबडी, तिचा आता वाढलेला काळा पोरगा आणि अर्ध्या शेपटीचा एक म्हातारा. गेटवरचे वॉचमन बाबा शेजारच्याच गावातले. ते "यू यू" करून तिघांना डब्यातली भाकरी टाकायचे, आणि ती त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला लागायची नाहीत. सेकंड शिफ्ट सुटली की काळा मोटरसायकलींच्या मागे धावायचा. एकजण पडलाही. मग नगरपालिकेची गाडी आली, जाळी घेऊन माणसं आली. तांबडी ट्रेलरखाली शिरली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. गाडी रिकामी गेली.

मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा मी हात वर केला. क्वालिटीचा इंजिनिअर कुत्र्यांवर काय बोलतोय, म्हणून सगळे बघायला लागले. मी म्हटलं, ही पिंजऱ्यात आपण होऊन जातील असं मी त्यांना शिकवतो. मग दवाखान्यात नेऊन नसबंदीचं ऑपरेशन, लस, गळ्यात पट्टा, आणि परत गेटवर. जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असा नियमही आहे. ऑपरेशन झालं की काळ्याचं धावणंही कमी होईल.

साहेबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "कर. पिंजरा फॅब्रिकेशनमधून बनवून घे, मी सही देतो. आणि कुत्री इथेच राहतील. माझा शब्द."

सुरुवातीला मी सगळं चुकवलं. पहिल्याच दिवशी तुकडा हातातून पडला आणि मी तो उचलायला वाकलो. तिन्ही कुत्री क्षणात दिसेनाशी. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला एवढं पक्कं माहीत असतं की माणूस वाकला म्हणजे दगड उचलतो. त्यानंतर मी आधीच जमिनीवर मांडी घालून बसायचो, आणि पडलेलं काहीही उचलायचो नाही.

दुसरी चूक आमच्या धंद्यातली. आमच्याकडे बोल्ट आवळायला टॉर्कचा पाना असतो. ठरलेला ताण आला की तो 'टक' वाजतो. तो वाजला की ऑपरेटर थांबतो आणि पुढचा बोल्ट घेतो. असेंब्लीच्या शेडमध्ये दिवसभर टक, टक, टक. आणि मी जेवणाच्या सुट्टीत कुत्र्यांना बसवत होतो ते नेमकं त्या शेडच्या मागे, कारण तिथे सावली होती. आठवडाभरानंतर एका सकाळी लाईनवरच्या जुन्या ऑपरेटरनं मला हाक मारली.

"भाऊ, या की जरा. तुमचं माणूस आलंय."

तांबडी अर्ध्या उघड्या शटरखालून आत येऊन त्याच्या मागे बसली होती. मान वर, कान उभे. पाना टक वाजला की त्याच्या खिशाकडे बघायची.

"गेल्या तासाभरापासून बसलीय राव," तो म्हणाला. "एकेका बोल्टला मान हलवते. सुपरवायझरपेक्षा लक्ष आहे तिचं."

पलीकडचा ओरडला, "तिला परमनंट करा, आमचं नंतर बघा."

हसू आलं, पण माझ्या लक्षात आलं की मी केवढा घोटाळा करून ठेवला आहे. शेडमधल्या प्रत्येक बोल्टला मी तिला खाऊ कबूल केला होता, आणि देणार कुणीच नव्हतं. मी डबी बाजूला ठेवली. गावी गेलो तेव्हा जत्रेतून पत्र्याचा बेडूक आणला, पोटाला दाबला की 'टिकटॅक' करणारा. आमच्या लहानपणीही तो असायचा. त्याचा आवाज वेगळा, शेडमध्ये न सापडणारा. आणि जागा बदलली. सायकल स्टँडच्या मागे, स्क्रॅपच्या भिंतीआड, जिथून ना बस दिसते ना फोर्कलिफ्ट.

पुन्हा पहिल्यापासून. टिकटॅक, तुकडा. पहिले दिवस बेडूक रुमालात गुंडाळून वाजवला, कारण उघडा आवाज म्हाताऱ्याला सहन होईना. मग पिंजरा आणला, तोही दार काढून. तांबडीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं की टिकटॅक. एक पाय आत, टिकटॅक. ती दोन पाय आत टाकून तुकडा घेऊन पळाली, तरी मी रागावलो नाही, कारण पळण्याची मोकळीक असते म्हणूनच ती परत येते. तिचं बघून काळा आणि म्हाताराही आत येऊ लागले. दार नंतर बसवलं. पहिल्यांदा लावलं ते एका श्वासापुरतं. लगेच उघडलं, तुकडा दिला. रोज थोडं जास्त. तांबडी दाराकडे बघायची आणि मग माझ्याकडे. तिला माहीत होतं की ते उघडतं. मी रोज ते उघडत होतो.

ज्या दिवशी ती मी न सांगता आत जाऊन बसली आणि दार लावल्यावर चक्क पुढच्या पंजांवर डोकं ठेवून पडली, त्या दिवशी मी साहेबांना बोलावून दाखवलं. ते स्क्रॅपच्या भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आमच्या तालुक्याचं नाव काढलंस," ते म्हणाले. मला डिग्रीच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला. दवाखान्याची तारीख ठरली.

त्याच सुमाराला ग्राहक कंपनीचं ऑडिट लागलं. परदेशातली माणसं येणार होती. झाडांच्या बुंध्यांना चुना लागला, फरशीवरचे पिवळे पट्टे नव्यानं मारले. साहेब एके दुपारी माझ्या टेबलापाशी आले. "तो तुझा बेडूक दे रे चार दिवस. घरच्या कुत्र्याला तुझ्यासारखं शिकवून बघतो." मी लगेच दिला. शिवाय तुकडा केवढा करायचा, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला दोन दिवसांसाठी कोल्हापूरच्या फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बघायला पाठवलं. ऑडिटच्या तोंडावर क्वालिटीचा माणूस बाहेर का, असं मनात आलं, पण साहेबांनी पाठवलं म्हणजे काहीतरी असेल.

परत आलो तेव्हा गेटवर बाबा एकटेच बसले होते.

"बाबा, तांबडी कुठंय?"

"गेली की."

"दवाखान्यात? तारीख तर पुढच्या आठवड्यात होती."

बाबांनी तंबाखूची चिमूट तशीच धरून ठेवली. "दवाखान्यात न्हाई. साहेब सोता आले व्हते सकाळच्याला. पिंजरा टेम्पोत ठेवला, फळी लावली. तुमचा बेडूक वाजवला, तुकडा टाकला. तांबडी आपल्या पायानं चढली बघा. तिच्यामागनं काळा. म्हाताऱ्यानं जरा येळ लावला, मग त्यो बी गेला. आमाला वाटलं, तुमीच सांगून गेलाय."

"कुठं नेलं?"

"लांब सोडा म्हनले डायवरला. परत येता कामा न्हाईत इतकं लांब."

मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदा दारावर न वाजवता गेलो. ते ऑडिटची फाईल बघत होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला आणि ड्रॉवरमधून बेडूक काढून टेबलावर ठेवला.

"बस. चहा घेणार?"

"तुम्ही मला सांगितलंही नाही."

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

मी बसलो नाही, उभाच राहिलो.

"हे बघ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी घरच्यासारखा होता, "ती तांबडी पुन्हा लाईनवर येऊन बसली असती आणि पाहुण्यांनी फोटो काढला असता तर ऑर्डर गेली असती. जाळीवाले बोलावले असते तर गेटवर ओरडाआरडा, व्हिडिओ, सगळं. तुझ्यामुळं एक कुत्रं ओरडलं नाही. अरे, मला अभिमान वाटला तुझा. तुझ्या शिकवण्याचा कंपनीला केवढा उपयोग झाला."

"तुम्ही शब्द दिला होता, काका."

"इथे काका नको." मग जरा थांबून, "कुत्री आहेत रे ती. कुठेही जगतात. मनाला लावून घेऊ नकोस. रविवारी ये, काकूंनी पुरणाचा बेत केलाय."

ते वरवरचं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझं कौतुक केलं. ओरडले असते, माझ्या डोक्यावरच्या उपकारांची आठवण करून दिली असती, तर मला भांडता आलं असतं. मी बेडूक उचलला आणि बाहेर आलो.

टेम्पोचा ड्रायव्हर सुरुवातीला ऐकेना. खूप मागे लागल्यावर एवढंच बोलला की तांबडीला राजगुरुनगरच्या पुढे एका बंद ढाब्याजवळ सोडलं. "बाकीचे दोन?" "दुसरीकडे. एकत्र असली की वाट काढत येतात म्हणे. भावा, आता नको विचारू. साहेबांनी सांगू नको म्हटलंय. माझं पोट आहे यावर."

सुट्टीच्या दिवशी मी मोटरसायकलवर गेलो. ढाब्याच्या शेजारी पंक्चरचं दुकान आहे. दुकानदाराला तांबड्या कुत्रीचं विचारलं तर त्यानं हातातल्या टायर उचकटायच्या पट्टीनं मागच्या कांद्याच्या वावराकडे दाखवलं. "तिकडं बांधावर असते. कुणाच्या हातचं खात नाही. दुसऱ्या कुत्र्यांनी फोडलीय तिला."

ती बांधावरच होती. लांबूनच ओळखली. कानाला जखम, पोट आत गेलेलं. मला इतका आनंद झाला की मी विचारच केला नाही. खिशात हात घातला आणि बेडूक वाजवला.

टिकटॅक.

तिनं मान वर केली. एक क्षण मला वाटलं की ती येणार. मग तिचे कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेली आणि ती माझ्याकडे पाठ करून वावरातून पळाली. पळताना एकदाही मागे बघितलं नाही. माणूस वाकला की जशी पळायची तशी. तो आवाज तिच्यासाठी आता दगड झाला होता.

बेडूक वाजला होता, म्हणून मी तुकडा बांधावर ठेवला. मांडी घालून बराच वेळ बसलो. ती पलीकडच्या बोरीच्या झाडाखाली उभी होती, पण आली नाही. मी उठून रस्त्यावर गेलो आणि दुकानाच्या बाकड्यावर बसलो, तेव्हा ती सावकाश आली, तुकडा तोंडात धरला आणि लांब नेऊन खाल्ला.

दुकानदार म्हणाला, "तुमची आहे काय?"

मला हो म्हणता आलं नाही.

पुढच्या सुट्टीला मी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. बेडूक नेत नाही. नुसता जातो, बसतो, तुकडे ठेवतो, उठतो. शिकवत काहीच नाही. रविवारी काकांकडे जाणं बंद झालं. काकूंचे फोन आले, मी ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं. समोरासमोर बोलायला गेलो की काका चहा मागवतात आणि माझी वाचा बसते. म्हणून शेवटी पत्र लिहिलं आणि टपालानं त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवलं. ते असं:

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या घरात राहिलेल्या माणसानं तुम्हाला टपालानं पत्र पाठवावं हे विचित्र आहे, पण तोंडानं मला हे जमत नाही. तुम्ही माझ्यासाठी जे केलं त्यातलं मी काही विसरलेलो नाही. वडिलांना यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. नोकरीही सोडत नाही.

तुम्ही म्हणालात की माझ्यामुळे एक कुत्रं ओरडलं नाही. काका, त्याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. जाळी टाकली असती तर ती ओरडली असती, चावली असती, निदान एखादं पळून गेलं असतं. पत्र्याच्या त्या आवाजावर त्यांचा विश्वास होता म्हणून ती गप्प राहिली. तो विश्वास मी बसवला होता, आणि तो तुम्ही वापरलात. कुत्र्यांना काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण ती मुलगी शिकवत होती तेव्हा सोफ्यावर तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. तिचं सगळं बोलणं तुम्हीही ऐकलंत. तुम्हाला माहीत नव्हतं असं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

मला कोल्हापूरला का पाठवलं, हेही मला कळलं आहे. त्या दोन दिवसांत मी तिथे तुमचं नाव अभिमानानं सांगत होतो.

तांबडी सापडली. तिला दुसऱ्या कुत्र्यांनी मारलं आहे. ती माझ्याजवळ येत नाही. परवा मी बाकड्यावर बसलेलो असताना तिनं पहिल्यांदा तुकडा लांब न नेता माझ्या देखत खाल्ला. ती माझ्या हाताला लागेल त्या दिवशी तिला दवाखान्यात नेईन. त्याला किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही. तोवर प्रत्येक सुट्टीला मी तिकडेच असेन, काकूंना तसं सांगा. त्यांच्याशी खोटं बोललो याचं वाईट वाटतं.

तुम्ही माझी माफी मागावी असं मला वाटत नाही. तुम्ही मोठे आहात. माझं एकच मागणं आहे. काळा आणि म्हातारा कुठे सोडले, ते ड्रायव्हर मला सांगत नाही. तुम्ही सांग म्हटलंत तर सांगेल. म्हाताऱ्याला नव्या जागेत जगणं जमणार नाही, त्याच्याकडे वेळ कमी आहे. ड्रायव्हरची या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे आणि टेम्पोची चावी तो तुमच्या केबिनमधूनच घेतो. तेव्हा त्याला विचारा आणि मला फक्त जागेचं नाव कळवा.

आपला